आमच्या घराण्याचं आरमार

सोलापूरच्या माणसाचा पाण्याशी संबंध नळापुरता, आणि तोही रोजचा नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी बादल्या, पिंपं, पातेली, इतकंच काय लोणच्याच्या रिकाम्या बरण्यासुद्धा भरून ठेवायच्या आणि पुढचे दोन-चार दिवस त्या साठ्यावर नजर ठेवून काढायचे, एवढाच आमचा दर्यावर्दीपणा. समुद्र आमच्यापासून जवळजवळ तीनशे किलोमीटर. सिद्धेश्वराच्या तळ्यावर संध्याकाळी वारं सुटलं की आम्हाला समुद्रकिनारी आल्यासारखं वाटतं. ज्यांनी समुद्र पाहिलाय त्यांना वाटत नाही.

अशा गावात, आणि त्यातही पिढ्यान् पिढ्या कारकुनी करणाऱ्या आमच्या घरात, एक आरमारी पुरुष होऊन गेला. ते म्हणजे तात्याआजोबा, माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात ते आरमारात होते. हे वाक्य आमच्याकडे प्रत्येक लग्नात, बारशात आणि गणपतीत म्हटलं जातं. व्याह्यांच्या घरी कोणी मामलेदार निघाला की आमच्या बाजूने तात्याआजोबा निघतात.

या हकिकतीला चक्रवाढ व्याज लागतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. मी लहान असताना तात्याआजोबांची ती नुसती 'बोट' होती. मी दहावीला जाईपर्यंत तिची युद्धनौका झाली. बहिणीच्या लग्नात तिनं जपान्यांचं एक जहाज बुडवलं. दोन वर्षांपूर्वीच्या गणपतीत आमच्या काकांनी दोन बुडवली, आणि तिसऱ्याला हात घालणार तेवढ्यात आरती सुरू झाली.

खुद्द तात्याआजोबांनी मात्र या विषयावर कधी तोंड उघडलं नाही. त्यांचं नव्या पेठेत रेडिओ दुरुस्तीचं छोटं दुकान होतं. दुकानात चारी बाजूंना पोट फाडलेले रेडिओ आणि मधे स्टुलावर, चष्मा कपाळावर चढवून बसलेले तात्याआजोबा. ‘‘आजोबा, युद्धात काय केलं?’’ असं मी विचारलं की म्हणायचे, ‘‘बोलायचं काम रेडिओ करतोय की.’’ हाताला काम नसलं की त्यांची बोटं टेबलावर टकटक करीत राहत. जेवताना पाटाच्या कडेवर, दुपारी पडल्यावर खाटेच्या लाकडावर. आजी वैतागून म्हणायची, ‘‘अहो, थांबवा ती टकटक.’’ ते थांबवत आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू करीत. १९९४ साली ते गेले, तेव्हा मी चौदा-पंधरा वर्षांचा होतो.

त्यांच्या आरमारी आयुष्याचा एकच पुरावा घरात होता. त्यांच्या ट्रंकेत एक काळी रेशमी फीत होती, नाविकाच्या टोपीला गुंडाळतात ती. तिच्यावर सोनेरी अक्षरांत ‘एच. एम. आय. एस.’ एवढंच विणलेलं. म्हणजे इंग्रज सम्राटांचं भारतीय जहाज. पुढे जहाजाचं नाव हवं, ते नाही! युद्धकाळात टोप्यांवरून जहाजांची नावं काढून टाकली होती. बंदरात फिरणाऱ्या नाविकाच्या डोक्यावरून शत्रूच्या हेराला कोणतं जहाज कुठं आहे हे कळू नये, म्हणून. हेराचं काय झालं ते झालं, पण आमच्या काकांच्या हातात मात्र सही केलेला कोरा चेक पडला. ज्याला जे जहाज आवडेल ते त्यानं भरावं.

हे असंच चालू राहिलं असतं. पण माझ्या मुलाला शाळेत ‘माझे पूर्वज’ असा प्रकल्प दिला. त्यानं घरातल्या तीन वडीलधाऱ्यांना तात्याआजोबांच्या जहाजाचं नाव विचारलं आणि त्याला तीन नावं मिळाली. आता मी बँकेतला कारकून. एकाच खात्यावर तीन वेगवेगळ्या सह्या दिसल्या की मला रात्री झोप येत नाही. मी मुलाला म्हटलं, ‘‘थांब, मी बघतो.’’ प्रकल्पाची तारीख आठ दिवसांवर होती. मला दोन वर्षं लागली.

सुरुवात मी काकांच्या जहाजापासून केली. त्यांचं म्हणणं, तात्या ‘बेंगॉल’वर होते. हे जहाज खरं आणि त्याची लढाईही खरी. तारीख ११ नोव्हेंबर १९४२. ‘बेंगॉल’ हे सुरुंग काढण्याचं नवं कोरं, छोटं जहाज ऑस्ट्रेलियाहून हिंदुस्थानकडे येत होतं. बरोबर ‘ओंडिना’ नावाचं डच तेलवाहू जहाज. हिंदी महासागरात त्यांना ‘होकोकू मारू’ आणि ‘आईकोकू मारू’ अशी दोन सशस्त्र जपानी जहाजं आडवी आली. प्रत्येकाचं वजन दहा हजार टनांच्या घरात. ‘बेंगॉल’ सातशेच्या आत, आणि तिच्यावर मोठी म्हणावी अशी एकच तोफ. तरी ती पळाली नाही, उलट अंगावर गेली. गोळा लागून ‘होकोकू मारू’ पेटली, स्फोट झाला आणि ती बुडाली. ‘बेंगॉल’ आणि ‘ओंडिना’ दोन्ही वाचल्या. तो गोळा नेमका कोणाचा, ‘बेंगॉल’चा की ‘ओंडिना’चा, यावर दोन्ही बाजूंचे दावे आहेत. म्हणजे मोठमोठ्या आरमारांतही आमच्या काकांसारखी माणसं असतात.

हे वाचून माझी छाती फुगली. पण हिशेब तपासायचा म्हणजे दोन्ही बाजू तपासायच्या. त्याच ट्रंकेत तात्याआजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला होता. त्यावरून ते मार्च १९४३ मध्ये मॅट्रिकला बसले. म्हणजे ज्या दिवशी ‘बेंगॉल’ लढत होती, त्या दिवशी तात्याआजोबा सोलापुरात भूमितीशी लढत होते. दाखल्यावरचे शेरे पाहता ती लढाईही त्यांनी हरल्यासारखी दिसते.

तेव्हा ठरवलं, मूळ कागदच मागवायचा. नाविकांचे सेवेचे कागद मुंबईला आरमाराच्या दप्तरात असतात, हे कळलं. पण कागद शोधायला नाविकाचा क्रमांक लागतो. तो कुठून आणणार? एका कार्यालयात मी गेलो, तर खिडकीतल्या गृहस्थांनी विचारलं, ‘‘क्रमांक?’’ ‘‘माहीत नाही.’’ ‘‘जहाज?’’ ‘‘तेच शोधतोय.’’ ‘‘तुमचं नातं सिद्ध करणारा कागद?’’ मी माझं आधार कार्ड पुढे केलं. त्यांनी ते उलटसुलट पाहून म्हटलं, ‘‘यात कुठं लिहिलंय ते तुमचे चुलत आजोबा आहेत म्हणून?’’ गेली वीस वर्षं काउंटरच्या आत बसून मी हेच करीत आलो आहे. सही जुळत नाही, नावात एक अक्षर कमी आहे, पुढच्या सोमवारी या. त्या दिवशी प्रथमच मी काउंटरच्या बाहेरून ते पाहिलं. बाहेर येऊन मी एक कप चहा घेतला आणि अनेक म्हाताऱ्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

क्रमांक सापडला तो ज्वारीत. तात्याआजोबांची मुलगी, म्हणजे माझी चुलत आत्या, आता पंचाहत्तरीच्या पुढं आहे. जोडभावी पेठेत एकटी राहते. तिच्याकडे गेलो असताना ती कोपऱ्यातल्या जाड कॅनव्हासच्या लांबट पिशवीतून शाळू काढत होती. पिशवी ओळखीची वाटेना. मी वाकून पाहिलं, तर तिच्या बुडाशी पुसट काळ्या शाईत इंग्रजी अक्षरं आणि आकडे. ‘‘आत्या, ही पिशवी?’’ ‘‘तात्यांची. बोटीवरनं आणलेली. काय मजबूत कापड होतं बघ, एक किडा लागत नाही.’’ महायुद्धानं आमच्या घराला दिलेली खरी देणगी ही. मी आत्याची सगळी ज्वारी परातीत ओतली, पिशवी उलटी केली आणि क्रमांक उतरून घेतला. आत्या म्हणाली, ‘‘आता भर तूच.’’

मग अर्ज. स्मरणपत्र. दुसरं स्मरणपत्र. इंग्रजी अमदानीत कोणा लेखनिकानं आमच्या आडनावातलं एक अक्षर खाल्लं होतं आणि दुसरं पदरचं घातलं होतं, त्यामुळे ‘हे ते नव्हेत’ असं एक उत्तर आलं. पुन्हा अर्ज. अखेर एके दिवशी पाकीट आलं. त्यात एका पानाची छायाप्रत होती. भरती १९४४. गाव ‘शोलापूर’. हुद्दा तारायंत्री, म्हणजे बिनतारी संदेश पाठवणारा आणि घेणारा. आणि खाली जहाजांची यादी: ‘अकबर’, ‘तलवार’, ‘सरकार्स’, पुन्हा ‘तलवार’.

चार नेमणुका! काकांना फोन करावा असं वाटलं. पण आधी एकेका जहाजाची माहिती काढावी म्हणून बसलो. ‘अकबर’ ठाण्याजवळ कोलशेतला होतं. बरं, खाडी आहे तिथं. पण नंतर समजलं की ते खाडीत नव्हतं, जमिनीवर होतं. बराकी, मैदान, झेंड्याचा खांब. नव्या पोरांना शिकवण्याचा तळ. ‘सरकार्स’ विशाखापट्टणला, तेही जमिनीवर. आणि ‘तलवार’ कुलाब्याला. चांगल्या दगडामातीच्या इमारती, संदेशवहनाची शाळा. तात्याआजोबांची सगळी आरमारी नोकरी जहाजांवर गेली आणि त्यातलं एकही जहाज कधी पाण्याला शिवलं नव्हतं!

हा विनोद तात्याआजोबांचा नव्हे, तो आरमाराचाच आहे. किनाऱ्यावरच्या प्रत्येक तळाला जहाजाचं नाव द्यायचं आणि तिथं राहणाऱ्यानं आपण जहाजावर आहोत असं समजायचं, ही इंग्रजी आरमाराची जुनी रीत. आपण ती पुढे चालू ठेवली. लोणावळ्याला ‘शिवाजी’ नावाचं आरमाराचं जहाज १९४५ पासून डोंगरात उभं आहे. सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला जाताना आपण रात्री त्याच्या जवळून झोपेत जातो. ज्याला चिक्कीच्या गावात जहाज चालतं, त्याला सोलापूरचा माणूस नाविक म्हणून का चालू नये?

तरी मी खट्टू झालो, हे खोटं कशाला बोलू? घराण्यातला एकुलता एक दर्यावर्दी, तोही कोरडा निघाला. ही गोष्ट मुलाला कशी सांगावी या विचारात कागदाच्या शेवटच्या ओळीकडे नजर गेली. नोकरीची अखेर मे १९४६. कारणाच्या रकान्यात चारच शब्द, त्यांचा अर्थ: ‘सेवेची आवश्यकता उरली नाही.’ आणि त्या आधीचं ठिकाण ‘तलवार’. आता आम्ही नोकरदार माणसं; हे गोड वाक्य कोणाला आणि केव्हा लिहितात ते आम्हाला पक्कं ठाऊक असतं. ‘तलवार’ आणि १९४६ हे दोन शब्द शेजारी ठेवल्यावर जे व्हायचं ते झालं. त्या रात्री मी जेवायला उशिरा उठलो.

युद्ध सुरू झालं तेव्हा हिंदी आरमारात दोन हजारसुद्धा माणसं नव्हती. युद्ध संपताना ती पंचवीस हजारांच्या वर गेली होती. एवढी भरती करायची म्हणजे काय काय सांगावं लागलं असेल! चांगला पगार, जगाची सफर, पुढे कायमची नोकरी. यातल्या थापा पुढे सर फजल अली यांच्या चौकशी आयोगापुढंही आल्या. प्रत्यक्षात गोऱ्यांच्या मानानं कमी पगार, निकृष्ट जेवण आणि वरिष्ठांच्या तोंडी शिव्या. युद्ध संपल्यावर आता घरी जा म्हणायला लागले. त्यात दिल्लीला लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला नुकताच होऊन गेलेला. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ‘तलवार’च्या भिंतींवर ‘जय हिंद’, ‘छोडो भारत’ अशी अक्षरं उमटली आणि बलाईचंद्र दत्त नावाच्या तारायंत्र्याला पकडलं. १८ फेब्रुवारी १९४६ च्या सकाळी ‘तलवार’वरच्या सुमारे अकराशे नाविकांनी न्याहारीची ताटं बाजूला सारली. जेवण नाही तर काम नाही.

यानंतर जे झालं ते शाळेच्या पुस्तकात दोन ओळींत येतं. दोन-तीन दिवसांत उठाव मुंबईहून कराची, मद्रास, विशाखापट्टण, कलकत्ता असा पसरला. सुमारे अठ्ठ्याहत्तर जहाजं, किनाऱ्यावरचे वीस तळ, वीस हजार नाविक. कराचीला ‘हिंदुस्थान’ जहाजावर तोफा चालल्या. मुंबईत कॅसल बराकीत गोळीबार झाला. गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले, आणि लष्कराच्या गोळ्यांनी शहरात दोनशेहून अधिक माणसं मेली.

हे मी शाळेत पाठ केलं होतं. पण एक साधा प्रश्न तेव्हा सुचला नव्हता: इतक्या लांबच्या बंदरांना इतक्या लवकर कळलं कसं? तेव्हा घरोघरी फोन नव्हते, वर्तमानपत्र दुसऱ्या दिवशी यायचं. उत्तर कागदावरच्या हुद्द्यात होतं. ठिणगी पडली ती तोफखान्यात नव्हे, तारायंत्र्यांच्या शाळेत. जहाजाजहाजांवर कानाला यंत्र लावून बसलेली पोरं याच ‘तलवार’मधून शिकून गेलेली. मध्यवर्ती संप समितीचे अध्यक्ष एम. एस. खान आणि उपाध्यक्ष मदन सिंग हे दोघेही संदेशवहनातलेच. जे जहाज जागचं हलू शकत नव्हतं, त्याचाच आवाज सगळ्यात लांब गेला.

२३ फेब्रुवारीला नाविकांनी शस्त्रं खाली ठेवली. कोणावर सूड उगवला जाणार नाही हे पाहू, असा शब्द सरदार पटेलांनी दिला होता. पुढे शेकडो जणांना पकडून छावण्यांत ठेवलं आणि सुमारे पावणेपाचशे नाविकांना काढून टाकलं. स्वातंत्र्य आल्यावर ना आपल्या आरमारानं त्यांना परत घेतलं, ना पाकिस्ताननं. त्या पावणेपाचशेंतला एक माणूस पुढे सोलापुरात माझ्या आजीचा मर्फी दुरुस्त करून देत होता.

मी कागद घेऊन आत्याकडे गेलो. मनात म्हटलं, म्हातारीला धक्का बसेल, हळूहळू सांगावं. पाणी प्यालो, प्रस्तावना केली. आत्या शेंगा सोलत होती. माझं बोलणं संपल्यावर म्हणाली, ‘‘हां. काढलंच होतं की त्यांना.’’

‘‘तुला माहीत होतं?’’

‘‘आईनं सांगितलंतं. दीड-दोन महिने कुठल्या छावणीत ठेवलेतं म्हणे. मग एक दिवस रात्रीच्या गाडीनं आले, दाढी वाढलेली, खांद्यावर ही पिशवी.’’

‘‘मग मी दोन वर्षं हेलपाटे घालतोय, तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘तू पिशवी विचारलीस, पिशवी सांगितली. हे कुठं विचारलंस?’’

मग तिनं सांगितलं. पणजोबा तेव्हा मामलेदार कचेरीत कारकून होते. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, घरात दोन मुली लग्नाच्या. आणि ते सोलापूर होतं. १९३० साली मे महिन्यात इथं मार्शल लॉ लागला होता. गांधी टोपी घातली म्हणून माणसं धरली होती. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे या चौघांना येरवड्यात फाशी दिलं. ते सगळं पणजोबांनी कचेरीच्या खिडकीतून पाहिलं होतं. सरकार काय करू शकतं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी धाकट्या मुलाला दारातच सांगितलं, ‘‘युद्ध संपलं म्हणून सुट्टी झाली. एवढंच बोलायचं.’’ त्या वर्षी खरोखरच हजारो सैनिक सुट्टी होऊन घरी परतत होते. गर्दीत एक खोटं सहज मिसळून गेलं.

‘‘पण वर्षभरात स्वातंत्र्य आलं. मग सांगायला काय हरकत होती?’’

‘‘आबा होते ना तोवर. त्यांच्या शब्दाबाहेर तात्या जायचे नाहीत. आणि आबा गेल्यावर सवय झालती.’’

स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन देण्याची योजना १९७२ साली आली. नाविकांच्या उठावाचं नाव त्या योजनेत आहे. माझ्यातला कारकून लगेच जागा झाला. १९७२ ते १९९४ म्हणजे बावीस वर्षं, दरमहा रक्कम, वर महागाई. मी म्हटलं, ‘‘आत्या, अर्ज का नाही केला गं?’’

आत्यानं सोललेल्या शेंगा सुपात ओतल्या. ‘‘आईपण हेच म्हणाली. तर तात्या म्हणाले, त्यात लिहावं लागतंय, कामावरनं काढलंतं म्हणून. आबांना बोललो होतो, लिहिणार नाही.’’

मी नोव्हेंबरात दरवर्षी हयातीचे दाखले घेतो. काठी टेकत, नातवाचा हात धरून पेन्शनर येतात, आम्ही घाईघाईनं शिक्का मारतो. त्या रांगेत तात्याआजोबा कधी उभे राहिले नाहीत. या वर्षी शिक्का मारताना मी दर माणसाकडे वर पाहिलं. रांग फार लांबली म्हणून साहेबांनी मला दोनदा विचारलं.

मुलाचा प्रकल्प कधीच देऊन झाला होता. त्यात ‘बेंगॉल’ गेली ती गेली. पण गेल्या गणपतीत मी सगळ्यांसमोर कागद वाचून दाखवला. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘म्हणजे जपानी जहाज बुडालंच नाही?’’

‘‘नाही.’’

‘‘तात्या बोटीवर चढलेच नाहीत?’’

‘‘नोंद तरी नाही.’’

‘‘आणि काढून टाकलं?’’

‘‘हो.’’

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि कागद मागून घेऊन स्वतः वाचला. ‘‘मग हे आम्हाला आधी कोणी का नाही सांगितलं रे?’’ असं इतक्या हळू म्हणाले, की ते कोणाला विचारतात हे कळेना.

दिवाळीला आम्ही पुन्हा जमलो. फराळाच्या वेळी व्याही विचारायला चुकले नाहीत. काकांनी कडबोळं खाली ठेवलं. ‘‘अहो, कसली जपानी जहाजं! १९४६ सालचा नाविकांचा उठाव ठाऊक आहे का? त्या रात्री तलवारवर यंत्रापाशी कोण होतं? आमचे तात्या. अठ्ठ्याहत्तर जहाजांना निरोप गेला तो कोणाच्या बोटांनी?’’

मी दुरुस्ती करायला तोंड उघडलं. कागदात असं काही नाही, हे मला सांगायचं होतं. तेवढ्यात मला पाटाच्या कडेवरची ती टकटक ऐकू आली, आणि मी दुसरं कडबोळं घेतलं.